सुराच्या तोंडावरची टिचकी

वाद्याच्या उजव्या कोपऱ्यात, पट्ट्यांच्या वर, चार लहान बटणं एका ओळीत होती. पहिलं टिचकीसारखा एक आवाज चालू-बंद करण्याचं. दुसरं आवाज मोठा हवा की हलका ते ठरवणारं. तिसऱ्याने तो आवाज पटकन विरायचा किंवा थोडा रेंगाळायचा. चौथ्यावर नुसते दोन आणि तीन हे आकडे होते. या चार बटणांपुढे मी एक अख्खा हिवाळा मांडी घालून बसलो, आणि त्या हिवाळ्यात वडिलांशी जेवढं बोललो तेवढं त्याआधी कधी बोललो नव्हतो. बोललो म्हणजे ओरडलो. आबांना ऐकू येत नव्हतं.

आबांची सगळी नोकरी भुसावळला, रेल्वेच्या लोको शेडमध्ये झाली. तिथल्या आवाजाने त्यांचे कान हळूहळू नेले. आधी पाखरं गेली, मग दाराची कडी, मग बायकांचे आवाज. निवृत्त झाल्यावर त्यांनी जळगावात, तेव्हा गावाबाहेर वाटणाऱ्या एका कॉलनीत दोन खोल्यांचं घर बांधलं. आई तिथे फार राहिली नाही. ती गेल्यावर आबा एकदा म्हणाले होते की तिचा आवाज त्यांच्यापुरता आधीच गेला होता, आता ती गेली एवढंच. हे त्यांनी कांदा चिरता चिरता सांगितलं.  काही बोलायचं तर ओरडावं लागलं असतं, आणि असल्या गोष्टीचं उत्तर ओरडून कसं देणार?

कानात घालायचं यंत्र आम्ही आणलं होतं. खिशात डबी, डबीतून वर कानापर्यंत वायर. त्यात ताटल्या, रिक्षा, खोकला, सगळं एकाच मापाने वाजायचं, आणि बाजाच्या पेटीजवळ गेलं की ते शिट्टी मारायचं. आबांनी ते कपाटात ठेवून दिलं.

पेटी हे त्यांचं खरं दुखणं होतं. भुसावळला असताना ते रेल्वे क्वार्टर्समधल्या भजनात पेटी वाजवत. जळगावला आल्यावर कॉलनीतल्या मारुतीच्या देवळात दर गुरुवारी संध्याकाळी भजन असे, तिथे ते सहज सामावले. पण कान जात राहिले. एका गुरुवारी त्यांनी अख्खा अभंग एक पट्टी बाजूला वाजवला. बुवा गात होते एका सुरात, आबा शेजारच्या सुरात, आणि आबांना ते कळलं ते समोरच्या टाळकऱ्यांचे चेहरे पाहून. मंडळातली माणसं भली. कोणी काही बोललं नाही. पुढच्या गुरुवारी पेटीवर दुसरा माणूस बसला आणि आबांच्या हातात टाळ आले. दोन-तीन गुरुवार ते टाळ घेऊन बसले. मग गुडघे दुखतात म्हणून जायचं थांबले. त्यांचे गुडघे ठणठणीत होते.

हे मला शेजारच्या अक्कांनी सांगितलं. आबा आता दिवस दिवस ओट्यावर बसून असतात, दार वाजवलं तरी उठत नाहीत, तुम्ही काहीतरी बघा, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात दोष देण्यासारखं काही नव्हतं. तरी मला तो माझ्यावरच आल्यासारखा वाटला.

माझी नोकरी धुळ्याला. बायको शिंदखेड्याच्या शाळेत शिक्षिका, तिचं माहेरही तिथलंच, म्हणून ती आणि आमची मुलगी तिकडे. मी धुळ्यात एका खोलीत. शनिवारी दुपारी ऑफिस सुटलं की स्टँडवर उभं राहून मला ठरवावं लागे, शिंदखेड्याची गाडी पकडायची की पारोळा-एरंडोलवरून जळगावची. आई गेल्यापासून मी बहुतेक वेळा जळगावची पकडत होतो. मुलगी मला बाबा म्हणायची, पण जवळ यायला तिला थोडा वेळ लागायचा. आबांना धुळ्याला चला म्हटलं होतं. ते म्हणाले, आठे मला दार वाजलेलं समजत नाही, तिथे तर घरच समजणार नाही.

तेव्हा मी लग्नसराईत एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. नव्वदीची शेवटची वर्षं होती. आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकाने मुंबईहून एक जुनं वाद्य आणलं होतं. लांबट, काळं, दोन माणसांनी उचलावं असं. परदेशात पूर्वी फिरत्या चाकांवर चालणारे विजेचे ऑर्गन असत, कपाटाएवढे. त्यांचा आवाज या वाद्यात डिजिटल तऱ्हेने भरलेला होता. समोर नऊ दांडे होते, ड्रॉवरसारखे बाहेर ओढायचे. प्रत्येक दांडा ओढला की सुरात एक नवा सूर मिसळायचा, जणू लहानमोठ्या नऊ पेट्या एकदम वाजताहेत. आवाज फार भरदार. पण त्यात ढोलकी नव्हती. तोवर बाजारात आलेल्या कीबोर्डात बटण दाबलं की आपोआप ठेका चालू व्हायचा, आणि खान्देशातल्या वरातीत ठेक्याशिवाय कोण कोणाला विचारतो? या जुन्या वाद्यावर एका बटणापाशी पर्कशन असं छापलेलं होतं म्हणून आमच्या मालकाने ते घेतलं होतं. घरी आणून त्याने ते बटण दाबलं, वाट पाहिली, परत दाबलं. शेवटी ते वाद्य त्याच्या पलंगाखाली गेलं. मी मागितल्यावर तो म्हणाला, "ने बाबा, माझी बायको झाडू मारताना रोज शिव्या देते."

त्यावरचं पर्कशन म्हणजे तबला-ढोलकी नव्हेच. पट्टी दाबताक्षणी सुराच्या तोंडावर एक टिचकी बसते, लाकडावर नख मारल्यासारखी किंवा लहान घंटेवर काडी लागल्यासारखी. टिचकी विरते आणि खालचा सूर चालू राहतो. एवढंच. वाद्य पलंगाखाली जाण्याआधी ऑर्केस्ट्रात मी ती एक-दोनदा मजेखातर वापरली होती. आबांसाठी ती कामाला येईल हे मला सुचलं ते त्यांच्याच एका बोलण्यावरून. भिंतीत कोणी खिळा ठोकत असलं तर मला समजतं, ते म्हणाले होते, पण पेटी म्हणजे नुसती घूं घूं. कुठला सूर केव्हा सुरू झाला तेच समजत नाही.

पहिल्या शनिवारी मी ते वाद्य एसटीच्या टपावर बांधून जळगावला नेलं. आबांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. भाता कुठे आहे, विचारलं. भाता नाही, वीज आहे, मी ओरडलो. ते बसले. उजवा हात पट्ट्यांवर गेला आणि डावा हात आपोआप वाद्याच्या मागे गेला, आणि तिथे काही नसताना हलायला लागला. चाळीस वर्षं भाता मारलेला हात होता. तो हवेतच वारा घालत राहिला. मी हसलो. तेही हसले, पण हात थांबला नाही.

मी टिचकी चालू केली. आबांनी सा दाबला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"सा दाबस, अन् प वाजस," ते म्हणाले.

मला वाटलं कानांचा घोटाळा. पण ते बरोबर होते. चौथ्या बटणावरचे आकडे मी कधी नीट पाहिले नव्हते. तीनवर ठेवलं की टिचकी मूळ सुराची नसते, वरच्या सप्तकातल्या पंचमाची असते. ज्याला सगळं ऐकू येतं त्याला ती सुरात मिसळून जाते, त्याला वेगळी कळत नाही. आबांना खालचा सूर म्हणजे नुसती घूं घूं, ओळखू यायची ती टिचकीच, म्हणून त्यांना प्रत्येक सुराऐवजी त्याचा पंचम ऐकू येत होता. दोनवर केल्यावर टिचकी वरच्या सा ची झाली. त्यांनी परत दाबलं. 

"उना," म्हणाले. आला.

त्या एका शब्दावर मी पुढचे सगळे शनिवार काढले.

कारण त्यानंतर काही येईना. पहिला सूर टण्ण वाजायचा, आबांची मान हलायची, आणि मग ते पुढचे सूर वाजवत जायचे तर टिचकी गायब. नुसती घूं घूं. मी आवाज मोठा केला. रेंगाळणारी केली, पटकन विरणारी केली. शेवटचा दांडा ओढला तर त्यातून आवाजच येईना, तेव्हा वाद्यच बिघडलंय असं ठरवलं. पुढे लक्षात आलं की टिचकी चालू असताना तो दांडा मुकाच राहतो, ती त्या वाद्याची रीतच आहे. धुळ्याला कोणाला विचारणार? माहितीपुस्तक नव्हतं. मी स्वतः वाजवून पाहायचो तेव्हा प्रत्येक सुराला टिचकी नीट यायची. आबांच्या हाती वाद्य गेलं की नाही. आबा म्हणायचे, याला माझा हात आवडत नाही.

बरेच शनिवार असे गेले. मधल्या एका रविवारी मुलीचा वाढदिवस होता, तो मी शिंदखेड्याला न जाता जळगावला दांडे ओढण्यात घालवला.

इथे एक गोष्ट मला लिहायलाच हवी. हे सगळं मी आबांसाठी करत होतो, असं मी बायकोला सांगायचो, ऑफिसात सांगायचो, अक्कांना सांगायचो. त्यात खोटं काही नव्हतं. पण आत एक दुसरा हिशेब चालू होता. आबा एकदा परत मंडळात बसू लागले, त्यांचा गुरुवार त्यांना परत मिळाला, की माझा शनिवार मला मिळेल. मग मी स्टँडवर उभा राहून विचार न करता शिंदखेड्याची गाडी पकडेन. वडिलांना सुटका हवी होती ती त्या ओट्यावरून. मला हवी होती ती वडिलांपासून. बटणं दाबताना मला घाई का व्हायची, आणि ती जमली नाहीत की राग वाद्यावर न निघता आबांवर का निघायचा, त्याचं कारण हेच होतं.

उलगडा झाला तो एका माशीमुळे. आबा वाजवत होते, माशी कपाळावर बसली, त्यांनी हात उचलून ती हाकलली आणि परत हात ठेवला. टण्ण. "आते उना," ते म्हणाले. मी त्यांच्या हाताकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

त्यांचा अंगठा सा वर होता आणि तिथून तो उठतच नव्हता. बाकीची चार बोटं गाणं वाजवायची. गाणं वर चढलं की करंगळीने वरचा सा धरायचा, मगच अंगठा सोडायचा. पेटीवाले सूर जोडून वाजवतातच, एक बोट दुसऱ्याला हात देतं, पण आबांचं हे त्याच्याही पलीकडचं होतं. कान गेल्यापासून त्यांनी सा सोडणं बंद केलं होतं. सा दाबून धरला की पेटीचं लाकूड बोटाखाली थरथरायचं, तेवढ्यावर ते उभे असायचे. आणि या वाद्याचा नियम नेमका उलटा होता. सगळी बोटं उचलली, एकही पट्टी दाबलेली राहिली नाही, तरच पुढच्या सुराला टिचकी मिळणार. एक जरी पट्टी दाबलेली असेल तर नाही. मी वाजवताना बोटं उचलत होतो म्हणून मला ती मिळत होती.

मला एवढा आनंद झाला की मी लगेच ओरडलो, "आबा, सा सोडा!"

त्यांनी सोडला. दोन सूर वाजवले, टण्ण, टण्ण, आणि तिसऱ्याला अंगठा परत सा वर. मी परत ओरडलो. त्यांनी परत सोडला. पाच-सहा वेळा असं झालं. मग मी त्यांचा अंगठा धरला. म्हणजे खरोखरच माझ्या दोन बोटांत पकडून वर उचलून धरला आणि म्हटलं, आता वाजवा. त्या अंगठ्यात जोर होता. तो खाली यायला बघत होता आणि मी त्याला येऊ देत नव्हतो. खिडकी उघडी होती, माझं ओरडणं अख्ख्या गल्लीत जात होतं.

आबांनी हात मागे घेतला. रागाने नाही. म्हणाले, "सा सोडी दिना ते मी कोठे उभा ऱ्हासू?"

मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. अक्का त्यांच्या अंगणात केळीचे वेफर्स वाळवत होत्या, सावद्याहून त्यांच्या भावाने केळी पाठवली होती. त्या म्हणाल्या, भाऊ, म्हातारा माणूस आहे, तुमचा आवाज आम्हाला इथवर ऐकू येतो, त्याला येत नाही म्हणून किती ओरडाल. मी हो म्हटलं.

परत आत गेलो तर आबा वाजवत नव्हते, पण त्यांचा डावा हात मागे हवेत हलत होता. बसल्या बसल्या, सवयीने. तो पाहूनच मला सुचलं. वाद्यावर एक बटण होतं, ते दाबलं की पट्ट्या मधोमध वाटल्या जायच्या. डावीकडचा भाग निराळा, उजवीकडचा निराळा. टिचकी फक्त उजवीकडे, आणि तिचा नियमही फक्त उजव्या भागापुरता. डावीकडे कोणी पट्टी धरून बसलं तरी उजवीकडच्या टिचकीला त्याचं काही नव्हतं. मी आबांचा डावा हात मागून पुढे आणला, या वेळी हळू, आणि त्याची करंगळी डावीकडच्या सा वर ठेवली. तो दांड्यांनी जाड केला, इतका की फरशी गुणगुणायला लागली. हा तुमचा सा, म्हटलं. हा सोडू नका. उजवा मोकळा.

आबांनी डोळे मिटले. उजवा अंगठा सुरुवातीला एक-दोनदा गेला सा कडे, मग त्याला कळलं की तिकडे आधीच कोणीतरी आहे. टण्ण, टण्ण, टण्ण. त्यांनी एक गौळण वाजवली, आई दळताना म्हणायची ती. सुरुवातीची ओळ वाजवून थांबले आणि परत तीच वाजवली. त्या दुपारी दुसरं काही वाजवलं नाही.

पुढच्या गुरुवारी मी रजा काढली. देवळात वाद्य नेऊन ठेवलं, वायर ओढून सभामंडपातल्या प्लगला जोडली. मंडळातल्या लोकांनी आबांचं स्वागत केलं, मनापासून केलं. एका टाळकऱ्याने मला विचारलं, आबांचा डावा हात आता वारा घालत नाही, तर पगार निम्मा करायचा का? सगळे हसले. आबांनी काय म्हणतो विचारलं, मी ओरडून सांगितलं, तर तेही हसले आणि म्हणाले, त्याला सांग, डावा आता साहेब झाला, नुसता दाबून बसतो.

भजन सुरू झालं. आबा चुकले नाहीत. एकही सूर बाजूला गेला नाही. त्यांचं लक्ष बुवांच्या ओठांवर होतं आणि टिचकीवर. पण ती टिचकी आवाज मोठा करून, रेंगाळणारी करून ठेवलेली होती, तशी ठेवली तरच त्यांना ती पोचायची. देवळाच्या घुमटात प्रत्येक सुरावर घंटा वाजल्यासारखं होत होतं. मृदंगवाला मान वळवून पाहायला लागला. बुवांची एक तान टण्ण-टण्णमध्ये सापडली. अभंग संपल्यावर बुवा माझ्याकडे झुकले, आबांकडे नाही, आणि हळू म्हणाले, "तेवढं टकटक कमी करता येईल का हो? बाकी छान आहे. फार छान आहे."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. गाणाऱ्याला ते नकोच वाटणार.

मी आबांच्या उजवीकडेच बसलो होतो. दुसरा अभंग सुरू झाल्यावर, मध्ये, मी हात पुढे करून दुसरं बटण हलक्यावर टाकलं. त्या वाद्यात अशी रीत आहे की टिचकी मोठी असली की खालचा सूर थोडा दबतो, आणि टिचकी हलकी केली की तो फुलून वर येतो. त्यामुळे एकदम सभामंडप भरल्यासारखा झाला. बुवांचा चेहरा खुलला. मृदंगवाल्याने मान डोलावली. मागून कोणीतरी वा म्हटलं. सगळ्यांना आवाज मिळाला त्याच क्षणी आबांचा गेला, आणि हे त्या देवळात दोघांनाच माहीत होतं.

आबांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग बटणाकडे. ते थांबले नाहीत. तो अभंग त्यांनी पूर्ण वाजवला, पुढचाही वाजवला, आरतीही वाजवली, बुवांच्या तोंडाकडे बघत, बोटांच्या आठवणीवर. उजवा अंगठा परत सा वर येऊन बसला होता आणि तिथून हलला नाही. आरतीत एका ठिकाणी ते मागे पडले, तर टाळकऱ्यांनी त्यांना सांभाळून घेतलं. बटण परत वर करणं माझ्या हाताच्या अंतरावर होतं. मी केलं नाही. मला वाटत होतं, हे असंच जमून जाईल. लोक खूश आहेत, आबा मंडळात आहेत, आणखी काय पाहिजे? त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे शिंदखेड्याची गाडी होती, हे मी नाकारत नाही.

प्रसाद घेतला. वाद्य उचलायला दोघं आले. घरी आल्यावर आबांनी पाय धुतले, खुर्चीवर बसले. मी म्हटलं, ओरडून म्हटलं, छान झालं आबा. पुढच्या गुरुवारी बुवांनी बोलावलंय.

"तू कमी करं ते बरं करं," आबा म्हणाले. "त्यास्ना बी भजन शे."

कमी केलंस ते बरं केलंस, त्यांचंही भजन आहे. मी बटणाचं काही सांगायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर केला.

"गुरुवारनं राहू दे. तू शनिवारले येस ना, तव्हय आपण वाजाडू."

मला त्या वाक्याने काय झालं ते आज सांगणं कठीण आहे. शरम वाटली, नक्की. पण पहिली आली ती शरम नव्हती. पहिल्यांदा मला दमल्यासारखं वाटलं. सगळे शनिवार एकामागे एक समोर उभे राहिले. मी हो म्हटलं, मान हलवून म्हटलं म्हणजे ओरडावं लागू नये.

शुक्रवारी सकाळी धुळ्याला परतलो. शनिवारी दुपारी स्टँडवर उभा राहिलो. शिंदखेड्याची गाडी समोरच लागलेली होती, बरीचशी रिकामी. बायकोला स्टँडवरच्या बूथवरून फोन केला, जळगावला जातोय म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, कळलं, जा, पण मुलीला तूच सांग. मुलीने फोनवर विचारलं, आजोबांना ऐकू येत नाही तर ते वाजवतात कशाला? मी म्हटलं, मला माहीत नाही. तिला ते उत्तर पटलं बहुतेक, तिने लगेच दुसरं काहीतरी विचारलं.

जळगावला पोचलो तेव्हा आबांनी वाद्य भिंतीला लावून ठेवलं होतं आणि समोर एक पाट मांडला होता. पाटावर टाळ होते. मंडळाने त्यांच्या हाती दिलेले, घरीच राहून गेलेले. मला म्हणाले, आठे बस. मी खिडकी लावायला गेलो. राहू दे म्हणाले. मी दुसरं बटण वर केलं, पूर्ण. तिसरं रेंगाळण्यावर. त्यांनी डावी करंगळी सा वर ठेवली, फरशी गुणगुणली, आणि ते वाजवायला लागले.

मला टाळ वाजवता येत नव्हते. कीबोर्डवाला असलो तरी ताल मी कायम मशीनवर सोपवत आलो होतो. दोन ओळी कसाबसा सोबत राहिलो, मग सुटलो. परत धरला, परत सुटलो. टिचकीच्या मागे माझे टाळ कुठेतरी फरफटत येत होते. आबांना ते ऐकू येण्याचा प्रश्न नव्हता, म्हणून मी तसाच वाजवत राहिलो. कोणाला कळणार आहे, असं मनात होतं.

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की गाणं मंद झालंय. टिचक्या लांब लांब पडताहेत. मी वर पाहिलं. आबा पट्ट्यांकडे पाहत नव्हते. ते माझ्या हातांकडे पाहत होते. टाळ एकमेकांवर येईपर्यंत त्यांचा उजवा हात पट्ट्यांवर उचललेला राहायचा, आणि ते भेटले की खाली यायचा. मी चुकलो की तेवढे ते थांबायचे. मग परत माझ्याबरोबर निघायचे.